फौजदाराचे पांढरे ठिपके

ता. ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नातवाला जावळ भरपूर आहे हे वाचून आनंद झाला. आपल्या घराण्यात केस फार काळ टिकत नाहीत, तेवढं लेकीला आताच सांगून ठेव.

इथे आपल्या मागच्या अंगणातल्या तळ्यावर संकट आलंय. तू गेल्यापासून माशांचं सगळं मी जातीने बघतोय. खाणं चिमूटभर घाल म्हणाली होतीस, पण मालकीण परगावी, त्यात ते तोंडं वासून बघतात, म्हणून मी मूठभर घालतो. परवा घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून तळ्यात डोकावलो, तर तुझ्या फौजदार माशाच्या दोन्ही गालांवर पांढरे ठिपके. पुस्तकात बघितलं, भयंकर रोग आहे. शिवाय त्याला झटकेही येतात. दिवसभर बाकीच्यांच्या मागे सुसाट धावतो नि त्यांना ढुशा देतो.

साथ पसरू नये म्हणून त्याला पकडलं. त्या नादात मी दोनदा तळ्यात बसलो, दोन्ही वेळा उभं राहायचा विचार होता. सध्या तो न्हाणीघरातल्या टबात मिठाच्या पाण्यात आहे. तुझी वहिनी म्हणते, या घरात एक तर टबातला मासा राहील, नाही तर ती. मी विचार करायला जरा वेळ मागितला, ते तिला आवडलं नाही.

बाकी ठीक. तुझा लोभ माशांवर आहे तितका माझ्यावरही असावा.

तुझा भाऊ

ता. ९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

ठिपके अंगभर, रवा भुरभुरल्यासारखे असतील तर रोग. फक्त गालांवर आणि पुढच्या परांवर असतील तर फौजदार ठणठणीत आहे. या दिवसांत नराला तसे ठिपके येतात. त्याचं लग्नाचं वय झालंय आणि ते झटके नाहीत, तो स्थळं बघतोय. आधी त्याला सोड. तूही लग्नाआधी वहिनीच्या गल्लीतून सायकलवर अशाच फेऱ्या मारायचास. तुला कुणी मिठात ठेवलं नव्हतं.

पण 'मूठभर' हा शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. माशाचं पोट भरलं तरी तोंड मिटत नाही रे. उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी नासतं. पाण्याला वास येतोय का? आणि मुकीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ती कधी पुढे पुढे करत नाही, म्हणून तिला मुद्दाम जाऊन बघ. शेपटी नीट बघ.

लेक-नातू खुशाल. तुझ्या अकलेला उदंड आयुष्य लाभो.

तुझी ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फौजदाराला सोडलं. आभार न मानता स्थळं बघायला गेला.

मुकी तळाशी कोपऱ्यात पर मिटून पडून आहे. शेपटी झिजून तिच्या चिंध्या झाल्यात, कडा पांढरट पडल्यात. पाण्याला कुबट वास येतोय. भिंग लावून मी इतके दिवस भलत्याच माशाकडे बघत होतो, ताई. कामात लक्ष लागत नाही. आज एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला तासकाट्याच्या जागी मिनिटकाटा बसवून दिला. तुझ्या वहिनीकडे टब परत मागायचा धीर होत नाही. काय करू ते लगेच कळव.

तुझा भाऊ

ता. १६ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुला वेगळं पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. भावाला लिहिलं तर तो आधी पुस्तक उघडेल, म्हणून तुला लिहिते. माशांचं तुला वावडं आहे, ते मला ठाऊक आहे. तरी एवढं कर.

सगळ्यांचं खाणं काही दिवस बंद. तळाचा गाळ काढ. पाणी सगळं बदलू नकोस, थोडं थोडं बदल, आणि नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घाल. मुकीला वेगळी ठेव, तळ्याचंच बरं पाणी घेऊन, बादलीमागे एक चमचा साधं मीठ विरघळवून. थोडक्यात, तुझा टब मागतेय.

घरात कुणी नसलं की मी मुकीशी बोलते. आजवर तिने एक गोष्ट बाहेर फोडलेली नाही. त्यात तुझ्याबद्दलच्याही आहेत, म्हणून तर तिला वाचव.

तुझी वन्सं

ता. २९ मार्च

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा एक झगा अर्धा शिवून झाला होता. मशीन झाकली आणि तळ्यात उतरले. गाळ कसला, यांचा पाहुणचार होता तो. बादल्याच्या बादल्या निघाला.

टब दिला. फाटलेलं कुठवर उसवतंय ते मला बघून कळतं, तेवढंच काय ते माझं शिक्षण. आधी दोन दिवस शेपटी उसवतच गेली. मी यांना तसं सांगितलं नाही, हे आधीच जेवत नव्हते. मग थांबली. नंतर कडेला पातळ, आरपार दिसणारी नवी किनार आली. टाका न घालता जोडलं गेलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, वन्सं. डोळ्यांत पाणी आलं. यांना म्हटलं, मिठाचं पाणी उडालं.

काजं करायला मी टबाशेजारीच बसत होते. बोलता बोलता मुकीला तुमच्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तुमची बाजू तिला आधीच ठाऊक असणार, पण तिने तसं दाखवलं नाही.

आता ती तळ्यात आहे. सकाळी माझ्या हातून चिमूटभर खाते. आधी तिचं, मग यांचा चहा. हे कुरकुरले. मी सांगितलं, की तुम्हाला बोलता येतं, आणि चहाचा डबा कुठे असतो तेही ठाऊक आहे.

बाळाला पापा. यायची घाई करू नका, पण पत्र मात्र मलाच लिहा.

तुमची वहिनी