पोटातलं मागणारे पक्षी

१८ जून
आले एकदाची ध्रुवाजवळच्या या बेटावर! केबिन ऐसपैस, स्टोव्ह धडधडतोय आणि सूर्य मावळायचं नाव घेत नाही. सोबतीला ओडवार, इथं वीस उन्हाळे काढलेला म्हातारा. आल्या आल्या टोमणा मारलाच, की गुनवोर, ट्रोम्सो शहरातल्या पोरी आठवड्यात परतीची बोट मागतात. बघूच म्हटलं. मला तिसरा महिना चालू आहे हे त्याला सांगितलेलं नाही. आल्या पावली परत धाडलं असतं.

समुद्रपक्षी काय खातात ते मोजायचं काम सोपं, पण किळसवाणं. कड्यावरचा कुरव पक्षी फासात धरायचा. तो घाबरून गिळलेलं ओकतो. ते पिशवीत भरायचं आणि त्यात कॉड मासे किती, कॅपलिन किती ते बघायचं. स्कुआ नावाचे तपकिरी दांडगे पक्षीही तेच करतात. कुरवाला ओकेपर्यंत पिटाळतात आणि त्याचे मासे हाणतात. ओडवार म्हणतो, आपला आणि त्यांचा धंदा एकच.

२१ जून
सकाळी उतारावर मळमळलं आणि न्याहारीचा हेरिंग मासा सगळा बाहेर आला. मान वर केली तर समोर स्कुआ. कण ठेवला नाही मेल्यानं! मग माझ्याकडेच बघत बसला.

२४ जून
आज तिघे. डोक्यावर झडपा घालत राहिले. मी ओकले तेव्हाच गेले. ओडवार म्हणाला, काठी डोक्यावर उंच धर, ते काठीवर तुटून पडतात. आणि म्हणाला, एकदा ज्यानं ओकून दिलं त्याचा पिच्छा स्कुआ सोडत नाही. हे आधी नाही का सांगायचं?

२७ जून
काठीला जुमानत नाहीत. मासे सोडले, नुसता पाव खातेय. तरी नऊ जण आले. चोची पोटावर. पोटावरच का? घाबरून ओडवारला बाळाचं सांगून टाकलं. त्यानं आधी शिव्या घातल्या, मग रेडिओवरून बोट मागवली. बर्फ आडवा आलाय. तीन दिवस लागतील.

२९ जून
दारात बसलेत. ओडवारनं बंदुकीनं दोन पाडले. बाकीचे हललेसुद्धा नाहीत. त्याला खुशाल जाऊ देतात. हरामखोरांना मीच हवी—

३० जून
बोट आली. दोनशे पावलं फक्त. निम्म्या वाटेवर पाडलं मला. ओकले, पित्तसुद्धा. त्यांनी तोंड लावलं नाही. ओडवारनं ओढत परत आणलं. तो बोटीवरची माणसं आणायला गेलाय.

छपरावर, खिडकीत— सगळे माझ्याकडे बघताहेत. पोटात अन्नाचा कण नाही. त्यांना कळतंय ते. तरी जात नाहीत.

काच फुटली—

कळ येतेय. नको. बाळा, घट्ट धरून राहा, आतच थांब, तू आत—