नाल्यातली कर्दळ

सावेडी, नगर
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सूनबाई एंजेला,

सलाम. तू आणि बाळ खुशाल असाल. मार्क शनिवारी देवळाली प्रवरेला तुमच्याकडे येतोय, त्याच्याजवळ ही चिठ्ठी देते. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहिलेलं बरं.

घरामागच्या नाल्याची हकिगत ऐक. तू माहेरी गेलीस आणि कॉलनीने एकदाचं मनावर घेतलं. आधी हौशी मंडळींनी पाणी साफ होईल म्हणून कुठल्याशा तळ्यातून टेम्पोभर जलपर्णी आणून टाकली. ती नालाभर माजली आणि डास दुप्पट झाले. आगीतून फुफाट्यात. मग कॉलेजातले कल्याण सर आले. त्यांनी जलपर्णी उपसायला लावली, पाइपांच्या तरंगत्या चौकटींवर जाळी ताणली आणि तिच्यात कर्दळ आणि वाळा लावला. मुळं पाण्यात लोंबतात आणि घाण शोषून घेतात. पाणी आता पूर्वीसारखं काळं दिसत नाही. पाला मात्र शेळ्यांना घालायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद आहे.

कर्दळ अशी लालभडक फुलली की मला राहवेना. रविवारी हातभर देठांसकट फुलं तोडून चर्चमध्ये वेदीपाशी ठेवली. पहिल्या गीतालाच पुढच्या बाकावरच्या बायकांनी नाकाला पदर लावले. मला वाटलं, सर्दीची साथ असेल. शेजारची ज्योती उठली, फुलं बाहेर ठेवून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, देठांना नाल्याचा गाळ हाय. तुमाला वास येत न्हाई का?"

येत नाही, एंजेला. करोनाच्या तापात गेला तो परत आलाच नाही. मार्कलाही बोलले नाही. स्वयंपाकघर काढून घ्याल अशी भीती वाटायची. बोंबील करपले की तू धावत येऊन गॅस बंद करायचीस आणि वर मीच म्हणायचे, होतं माझं लक्ष! नाल्याच्या वासाने तुला जेवण जाईना, तर म्हणाले, हिला नाक मुरडायची सवयच आहे. तू रागावून गेलीस ते बरोबरच होतं.

ज्योती म्हणते, आता मागच्या दारी वास नाही. पण ती माझं मन मोडायची नाही. मार्क आपल्या दोघींच्या मध्ये, तो बिचारा काय बोलणार? तोंडावर खरं सांगणारी घरात तू एकटीच. तुमच्याशिवाय घर खायला उठतं गं.

नाताळाला बाळाला घेऊन ये. सामान टेम्पोतून उतरवू नकोस, आधी मागचं दार उघडून बघ. वास आला तर तसं सांग. मी स्वतः तुम्हाला परत पोचवायला येईन.

तुझ्या नाकावर भरवसा ठेवून बसलेली,
तुझी सासू
लिडिया