कोपराखाली चार बोटं

रविवार, ३ सप्टेंबर, पाहिंग
आजपासून नोंदी, वार-तारखेपुढे आपला पाच दिवसांचा जावानी बाजारवारही. काम मोठं आहे, लेखी असलेलं बरं.
बूचा, म्हणजे बायकोचा, गुडघा पुन्हा सुजला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती मागच्या अंगणातल्या नळापाशी उकिडवं बसूनच भांडी घासते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकिडवं बसणं बंद, नाहीतर गुडघा कायमचा जाईल. बूनं विचारलं, मग भांडी कोण घासणार? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब म्हणालो, सिंक बसवतो!
मुदत ठरली आहे. तीस तारखेला आमच्या लेकीची, रात्रीची, मितोनी, म्हणजे सातव्या महिन्याचं डोहाळजेवण. पोरीचं पहिलंवहिलं बाळंतपण. सगळ्या गल्लीतल्या बायका रांधायला येणार, भांड्यांचा डोंगर होणार. तोवर सिंक तयार, मग बूनं नळापाशी बसायचं नाही. तसा शब्द दिलाय.

मंगळवार, ५ सप्टेंबर, वागे
बू म्हणते, एकच भांडं असलेलं सिंक घ्या, मोठं आणि खोल, आपली मोठी कढई मावली पाहिजे. नोंद केली.
ती असंही म्हणते की शेजारच्या सार्जूला बोलवा, गवंडी आहे, एका दिवसात ओटा बांधून देईल. सार्जू! पाणसळ न लावता, नुसता एक डोळा मिटून भिंती बांधतो. मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या. वीतभर बांधासाठी कोर्टात गेलेले भाऊ माझ्या मापावर गप्प बसलेत. मला एक सिंक जड नाही.
गल्लीसारखी बूही मला मानानं पाक म्हणते. म्हणाली, बरं पाक, तुम्ही म्हणाल तसं. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे.

बुधवार, ६ सप्टेंबर, क्लिवोन
बाजारपेठेत ची मेलान नावाच्या बाईंच्या नळसामानाच्या दुकानात गेलो. दोन भांड्यांचं सिंक घेतलं, शेजारी निथळायला उतार. एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं. पद्धत म्हणजे पद्धत. एकच भांडं म्हणजे हौदच की!
ची मेलाननं दोनदा विचारलं, पाक विग्यो, घासणार कोण? त्यांना एकदा घेऊन या, इथे उभं करू. ओट्याची उंची घासणाऱ्याच्या कोपराखाली चार बोटं लागते. मी म्हणालो, बाई, माझ्याकडे टेप आहे. हसली. गिऱ्हाईक माहीतगार असलं की दुकानदाराला बरं वाटतं.

शनिवार, ९ सप्टेंबर, पोन
सिंक खोक्यातच, बैठकीच्या खोलीत. घाई करून उपयोग नाही. आधी नकाशा. तीन रंगांत काढला. पाणी निळं, सांडपाणी तपकिरी, विटा लाल.
पुरुषांच्या बैठकीत नकाशा दाखवला. सगळे म्हणाले, वा. सार्जू बराच वेळ पाहत होता. म्हणाला, पाक, चित्र फार सुबक आहे. माणूस तसा गुणग्राहक आहे.
सोमवारी पहाटे पाचला उठून सुरुवात.

बुधवार, १३ सप्टेंबर, पाहिंग
सोमवारी पाठ धरली होती. मंगळवारी सिमेंटवाल्याचं दुकान बंद होतं. (बू म्हणते उघडं होतं.)
आज मापं घेतली. बू बाजारात गेलेली. तिच्यासाठी थांबलो असतो तर अर्धा दिवस फुकट गेला असता. कोपर इथून तिथून सारखंच. माझं मोजलं, चार बोटं वजा केली, एकशेदोन सेंटीमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकशेदोन. याला म्हणतात अचूक काम.
संध्याकाळपर्यंत विटा बऱ्याच वर आल्या. बू पिशवी घेऊन दारात उभी राहिली. जरा उंच नाही का वाटत, म्हणाली. मी सांगितलं, सिमेंट वाळलं की बसतं. ती म्हणाली, हो का? बायकांना या गोष्टी माहीत नसतात.

सोमवार, १८ सप्टेंबर, पाहिंग
सिंक बसलं. पाणसळीचा बुडबुडा बरोब्बर मध्यात.
खालचा पाइप गळतो. सिलिकॉन लावलं. तरी गळतो. अजून लावलं. आता हाताला चिकटलंय. गळती किरकोळ, खाली बादली ठेवली.
सार्जू भिंतीवरून डोकावला. पाक, हा ओटा कुणासाठी, म्हणून विचारलं. बूसाठी, मी म्हणालो. त्यानं ओट्याकडे पाहिलं, मग बूकडे. म्हणाला, छान हवेशीर झालाय. मग घरातून पान्हा आणला आणि पाइप बसवून गेला. एवीतेवी मी तेच करणार होतो.

रविवार, २४ सप्टेंबर, पोन
उद्घाटन! लेक रात्री आणि जावई आले. गल्लीतल्या बायकाही. बूनं नवा सरोंग नेसला.
नळ सोडला. बूनं ताटली धरली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून बाहीत. बू चवड्यांवर उभी राहिली, तर पाणी थेट काखेत. म्हणाली, फार छान आहे हो. किती चकचकीत! गल्लीतल्या बू तुमिराह म्हणाल्या, आमच्या घरी नाही असं. एकीनं विचारलं, इथून शेजारचं छप्पर दिसतं का? दिसतं म्हणालो. सगळ्या हसल्या. घरात आनंदाचं वातावरण होतं.
आमची रात्री मात्र म्हणाली, बापाक, आईची हनुवटी सिंकला लागते. पोरीला सातवा महिना, अशा वेळी मन चिडकं होतं.

मंगळवार, २६ सप्टेंबर, क्लिवोन
तोडगा निघाला. फळ्यांचा भक्कम चौरंग केला. बूनं चढायचं, घासायचं, उतरायचं. उंची अगदी योग्य.
बू सकाळी चार वेळा चढली-उतरली. साबण संपला, ताटली खाली राहिली, दारात कोणी आलं. पाचव्यांदा चौरंगावरच बसली. गुडघा नारळाएवढा. हं, असं व्हायला नको होतं. मला वाईट वाटलं. बर्फ लावून दिला. ती म्हणाली, असू दे पाक, चौरंग भक्कम आहे.
ओटा फोडून पुन्हा बांधायचा तर मितोनी तोंडावर. आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यात आहे.

शुक्रवार, २९ सप्टेंबर, पोन
बायका जमल्या. नारळ खवले जातायत, मसाला वाटला जातोय. सिंकमध्ये केळीचे घड ठेवलेत. एका भांड्यात केळी, दुसऱ्यात चहाचा बर्फ. म्हणजे दोन्ही भांडी उपयोगी पडली.
पण घासणं मागच्या नळापाशीच. सगळ्या गोल करून उकिडव्या, मध्ये हसणं-खिदळणं. मी जाऊन सांगितलं, सिंक वापरा. सगळ्या म्हणाल्या, हो हो पाक. कोणी उठलं नाही.
बूही त्यांच्यात. मी रागावलो. तर म्हणते, माझ्या लेकीची मितोनी, बायका माझ्यासाठी राबतायत, आणि मी खुर्चीत बसू? 

शनिवार, ३० सप्टेंबर, वागे
विधी नीट झाला. आमच्या रात्रीला सात पाण्यांनी न्हाऊ घातलं, सात सरोंग बदलून झाले. कच्च्या फळांचं रुजाक झणझणीत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.
जेवणं उरकली आणि मागून हाक आली. बू नळापाशी बसलेली, उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं. हसत होती, पण ओठ पांढरे. मला म्हणाली, काही नाही हो, मुंग्या आल्यात. मी शब्द दिला होता. सत्तावीस दिवस होते माझ्याकडे.
तिला खुर्चीत बसवलं. मग केळी काढली, बर्फ काढला, बाह्या सरसावल्या. पहिली ताटली घेतली. पाणी मनगटावरून खाली, सिंकमध्येच. बाही कोरडी, कंबर ताठ. एकशेचौदा ताटल्या झाल्या, पाठ दुखली नाही.
बायका दारात गोळा झाल्या. बू तुमिराह म्हणाल्या, अगं बाई, माप अगदी बरोब्बर आहे की! सार्जू भिंतीवरून म्हणाला, पाक, आता कळलं ओटा कुणासाठी. मी म्हणालो, मी कधी चुकत नाही.

रविवार, १ ऑक्टोबर, क्लिवोन
सकाळचे कप घासले. बू शेजारी खुर्चीत, पाय चौरंगावर. चौरंगाची उंची त्यासाठी उत्तम आहे. बसल्या बसल्या सांगते, कपाच्या कानाखाली राहिलं, साबण कमी घ्या. उद्यापासून हे रोजचंच, असं दिसतं. तिचा चेहरा बरा दिसला, महिनाभरात पहिल्यांदा.
शेवटी मोठी कढई आली. सिंकमध्ये जाईना. आडवी, उभी, तिरपी. टेप लावून पाहिलं. बू म्हणाली, म्हणून तर म्हटलं होतं, एकच मोठं भांडं घ्या. मी म्हणालो, तू असं कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, बरं पाक.
मागची पानं काढली. पाच तारीख. माझ्याच अक्षरात आहे.
कढई घेऊन मागच्या नळापाशी गेलो, उकिडवा बसलो, घासली. उठता येईना. सार्जूला हाक मारली.