नागपूरला गेलेलं इंजिन

२ ऑगस्ट १९८७, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची आणि खरं तेच लिहायचं.
संकल्प: दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेचा, सीझन सुरू होतो. गावोगावच्या मंडईला आणि रात्रीच्या नाटकांना माणसं बैलगाडीत हाडं मोडत जातात. त्यांच्यासाठी आपली जीप टॅक्सी म्हणून उभी करायची.
जीप फौजेच्या लिलावातली. बॉडी ठणठणीत, इंजिन जाम. मी आय.टी.आय.ला सात महिने फिटर केलेलं असल्यामुळे उपाय लगेच सुचला. बोडीतलं, म्हणजे शेतातल्या तळ्यातलं, पाणी धानाच्या बांध्यांना देणारं पंपाचं डिझेल इंजिन नुसतं बसून आहे. रोवणी आटोपली, पाऊस भरपूर, त्याला दोन महिने काम नाही. इंजिन माझं आणि धाकट्या भोजराजचं सामाईक, म्हणजे अर्धं माझंच. मी माझं अर्धं वापरतो आहे असं समजायचं.
भोजराजला सांगितलं, क्रँक घासायला नागपूरला पाठवतो. तो म्हणाला, काई आवाज तर नोता करत, दादा. मी म्हटलं, आतला आवाज तुला ऐकू येत नाही, त्याला शिक्षण लागतं.
तसं पाहिलं तर हे खोटं नाही. इंजिन कामालाच चाललंय, फक्त गाव वेगळं.

९ ऑगस्ट
इंजिन बसलं! फाट्यावरच्या टेकचंद मिस्त्रीने आठ दिवस घेतले. मी सोबत उभा राहून मार्गदर्शन केलं. पत्रे कापावे लागले, बॉनेट पूर्ण बंद होत नाही, दोरीने बांधलं. रिव्हर्स गिअर सध्या लागत नाही. टेकचंदला म्हटलं, राहू दे, आपल्याला पुढेच जायचं आहे.
इंजिनाला जुनी सवय आहे. चार ठोक्यांतला एक ठोका गिळतं. टेकचंद म्हणाला काढून टाकू. मी म्हटलं, असू दे, कॅरेक्टर आहे.
पहिली फेरी मुद्दाम आपल्या शेतावरून नेली. भोजराज बांधावर होता. जीप दिसण्याआधीच उठून उभा राहिला, आणि मी वळणाआड जाईपर्यंत तसाच उभा. स्पीड पाहून थक्क झाला असावा.

२४ ऑगस्ट, पोळा
आज मन थोडं खराब.
भोजराज दर पोळ्याला बैल धुतो, रंगवतो, आणि मग तीच बादली घेऊन इंजिनाकडे जातो. त्याची हवेची टोपली खोलतो, आतली जाळी दगडावर आपटतो, रॉकेलमध्ये धुतो, वर गुलाल लावून झेंडूचा हार घालतो, पुरणपोळी ठेवतो. नऊ वर्षं मी यावर हसत आलो. इंजिन म्हणजे बैल नव्हे, त्याला सायन्स लागतं.
यंदा नुसता चौथरा होता. त्याने तो चौथरा धुतला, त्यावर हार ठेवला. म्हणाला, आपला एक बैल परगावी हाये, त्याचा खुटा तरी पुजाव.
माझ्या घशात पुरणपोळी अडकली. पाणी पिऊन आणखी तीन खाल्ल्या, पण चव नव्हती.
मंदाबाईला मी काही सांगितलेलं नाही. तिनेही काही विचारलेलं नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात हे लक्षण कधी बरं ठरलेलं नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार
साकोलीला पासिंगचा कॅम्प. पासिंग झालं की टॅक्सीचं परमिट. आता धुराची तपासणीही करतात. सायलेन्सरला पिचकारीसारखं यंत्र लावून धूर ओढतात, तो पांढऱ्या कागदातून जातो. कागद किती काळा झाला त्यावर निकाल.
साहेबांनी आमचा कागद काढला आणि माझ्या छत्रीला लावून पाहिला. छत्री उजळ निघाली.
नापास. पुढचा कॅम्प २३ तारखेला.
हे एका दृष्टीने बरं झालं. दोष कळला. आता शास्त्रोक्त पद्धतीने शोधायचं.

६ सप्टेंबर
कारण सापडलं: डिझेल घाण. देवघरातल्या वस्त्राने गाळलं. मंदाबाईने ते वस्त्र चिमटीत धरून बाहेर नेलं. एक शब्द बोलली नाही.

८ सप्टेंबर
कारण नक्की सापडलं: नोझल. बदललं. धूर तेवढाच, रंग जरा जास्त गडद. टेकचंद म्हणाला, हवेची टोपली खोलून पाहू का. मी म्हटलं, अरे धूर मागून निघतो, तू पुढून काय पाहतोस? तो गप्प बसला. शिक्षणाचा फरक.

१० सप्टेंबर
सायलेन्सर दोन हात लांब केला. धुराला थंड व्हायला वेळ मिळेल. टोकाला ओलं पोतं बांधलं.

११ सप्टेंबर
पोतं जळालं.

१५ सप्टेंबर
बारा दिवस पाऊस नाही. आभाळ कोरडं ठक्क. भोजराज घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, धान पोटरीत येऊन राहिला, दादा. आता पाणी नाई भेटलं तर लोंब निसवणार नाई. इंजिन कवा येते? मी म्हटलं, नागपूरचं काम आहे, घाई करून कसं चालेल. तो म्हणाला, मी जाऊन पाहून येऊ का? मी म्हटलं, तुला पत्ता सापडणार नाही.
हे मात्र खरं होतं. मलाही सापडला नसता.
त्याची बायको बेबीबाई, मी तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर, म्हणून माझ्याशी थेट बोलत नाही. पदर घेऊन बाजूला उभी राहते आणि जे सांगायचं ते दुसऱ्या कशाला तरी सांगते. आज आमच्या वासराला सांगत होती, नागपुरात कोणी बिमार पडलं तर दीड महिन्यात माणूस एकदा तरी पाहून येते, नाई का रे?
वासराने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही.

१८ सप्टेंबर, रात्री
आज एक गोष्ट केली ती लिहितो. वर्कशॉपकडून पत्र आलं असं भोजराजला सांगितलं आणि वाचून दाखवलं. पत्र मीच लिहिलं होतं. डाव्या हाताने. ‘क्रँक विलायतेहून मागवली असून लवकरच प्राप्त होईल, आपला कृपाभिलाषी.’ भोजराजने मान खाली घालून पूर्ण ऐकलं. बेबीबाई तोंडावर पदर धरून आत गेली. बिचारीला रडू आलं असेल.
उद्या सांगून टाकायचं.

१९ सप्टेंबर
आज शनिवार. शनिवारी अशा गोष्टी बोलू नयेत.

२३ सप्टेंबर
दुसरा कॅम्प. यंत्र लावायच्या आत लांब केलेला सायलेन्सर गळून पडला. उरलेला धूर थेट साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. कागद काढायची गरज पडली नाही. साहेब म्हणाले, हे मोटार म्हणून आणता की वीटभट्टी म्हणून?
पुढचा कॅम्प ७ ऑक्टोबरला. तो झाला की इंजिन लगेच परत. सही करून ठेवतो: केशवराव.

२७ सप्टेंबर, सकाळी ७.४०
ट्रायलला निघालो तेव्हा शेतात पाहिलं. भोजराज आणि बेबीबाई डब्याला दोर बांधून बोडीतून पाणी उपसत होते. दोघं दोन बाजूंना, डबा झुलवून बांधीत ओतायचा, परत झुलवायचा. मी जीप थांबवली नाही. त्यांच्या कामात खंड पडला असता.
एक मात्र समाधान आहे. वरच्या बांध्या, म्हणजे माझ्या वाट्याच्या, छान हिरव्या आहेत. म्हणजे पाण्याची एवढीही टंचाई नाही. भोजराजच्या खालच्या बांध्या पिवळ्या पडल्यात, पण तो खत कमी टाकतो, मागेच बोललो होतो.
दुपारी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२ ऑक्टोबर, दसरा
पक्कं ठरवलं होतं. भोजराज सोनं द्यायला येईल, पाया पडेल, तेव्हा त्याला उठवून सांगायचं. वाक्यही तयार केलं होतं.
आला. पाया पडला. त्याच्या तळहाताला दोराने कापून पट्टे पडलेले. हळद लावली होती. मी सोन्याची पानं घेतली आणि म्हटलं, सुखी राहा. तयार केलेलं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं.
रात्री झोप नाही. मी वाईट माणूस नाही. वाईट माणसाला झोप लागते.

७ ऑक्टोबर, बुधवार
सगळं क्रमाने लिहितो. रोजनिशी खरी ठेवायची असं पहिल्याच पानावर लिहून बसलोय.
सकाळी ८ वाजता साकोलीला निघालो. नेमकी आपल्या शेतासमोर जीप धूर ओकत बंद पडली. दहा वेळा हँडल मारलं. नाही.
भोजराज बांधावरून आला. हातात पाना होता.  बॉनेटची दोरी सोडली, हवेची टोपली खोलली, जाळी काढून दगडावर आपटली. वर्षभराचा भुसा पडला, ओंजळभर तरी असेल. आत कुंभारीण माशीने मातीचं घरसुद्धा बांधलेलं. जाळी रॉकेलने धुतली, परत बसवली, हँडल मारलं. पहिल्याच फटक्याला चालू. मागे पाहिलं, धूर नव्हता. मी रुमाल धरला. पांढराच राहिला.
मी म्हटलं, तुला केव्हा कळलं? तो म्हणाला, पहिल्याच दिवशी. चार ठोक्यांत एक गिळणारं दुसरं इंजिन नाई ना इकडं. नऊ वर्सं मी त्याच्या बाजूले झोपलो, दादा. जीप दिसाच्या पहिले आवाज आला.
मंग बोलला काहून नाई, असं माझ्या तोंडून त्याच्याच बोलीत निघालं. तो म्हणाला, तुमी सांगान म्हणून वाट पाहत होतो. आपल्या मोठ्या भावाले खोटा कसा म्हणू? रागही आलता. पत्र वाचलं त्या दिवशी बेबीले हसू आवरे नाई, तिले आत लावून दिलं. मले मात्र हसू नाई आलं.
म्हणजे ती रडत नव्हती.
मग तो म्हणाला, कॅम्प बारा वाजेपर्यंत राह्यते. जा, पास करून या. कागद कोरा येईन आता. संध्याकाळी पाणी लावू.
मी स्टेअरिंगवर बसलो. गिअर टाकला. हेही लिहितो: निघालो. वीसेक पावलं गेलो असेन. इंजिन छान चालत होतं, चार ठोक्यांतला एक गिळत. उजवीकडे त्याच्या पिवळ्या बांध्या होत्या. वीस पावलं त्यांच्याच बाजूने जावं लागतं. ब्रेक दाबला.
परत यायचं तर रिव्हर्स नाही. खाली उतरून ढकलावी लागली. मी, भोजराज आणि बेबीबाई. ती पदर दाताखाली धरून ढकलत होती. चौथऱ्याजवळ आल्यावर जीपच्या टपाला हात लावून म्हणाली, ये बाई, नागपूरवरून थकून आली असशीन.
इंजिन काढायला दिवस गेला असता. म्हणून मागचं एक चाक काढलं, ड्रमवर पट्टा चढवला, जीपनेच पंप चालवला. दुपारी बारा वाजता, साकोलीचा कॅम्प बंद झाला असेल तेव्हा, खालच्या बांधीत पाणी पोचलं. अर्ध्या बांध्यांत उपयोग होईल. अर्ध्यांत उशीर झाला.
घरी येऊन मंदाबाईला सांगितलं, त्याच्या बांध्यांना खत कमी पडल्यामुळे जास्त नुकसान दिसतं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, खत नाई. दोघं नवरा-बायको डब्यानं पाणी उपसे तं आपल्या बांधीले पहिले देत. मोठ्याचं पहिले म्हणे. आपल्या बांध्या ओल्या होईपर्यंत त्याईचे हात थकून जाय. तुमाले काय वाटलं, आपल्या धानाले देवानं वरून पाणी देल्लं?
  लाज वाटते आहे, एवढंच.

२२ नोव्हेंबर, रविवार
मळणी झाली. माझ्या वाट्याचं धान नेहमीसारखं. भोजराजचं निम्मं.
गावात आज मंडई. माणसं बैलगाड्यांनी चालली आहेत, हाडं मोडत. जीप शेतात चौथऱ्याजवळच उभी आहे. इंजिन परत चौथऱ्यावर. बॉनेटखाली कोंबडीने अंडी घातली आहेत.
बराच विचार करून मोठा निर्णय घेतला. मोठ्या भावाचं कर्तव्य म्हणून आपल्यातलं धान भोजराजला द्यायचं, त्याची तूट भरून निघेल एवढं. मंदाबाईला समोर बसवून सांगितलं. आवाज जरा भरून आला होता.
ती म्हणाली, परवाच पोचवलं. तुमाले विचारणार होती, पण तुमी जीपले फडकं मारून राहिले होते.