शंखातली बाई आणि मुख्य पुरुष

३ मार्च
शेंगझोऊला, माझ्या गावी परत. फिल्म सिटीत दोन वर्षांत अकरा वेळा मढं झालो, चेहरा एकदाही कॅमेऱ्याकडे नाही. एजंट म्हणतो, चेहरा दिसेल अशी एक फिल्म आण, मग काम देतो. आणतोच. लेखक, दिग्दर्शक, नायक मीच.

४ मार्च, सकाळी
गोष्ट सापडली. शंखातली बाई. रांजणातल्या शंखातून रोज गुपचूप बाहेर येते, एकट्या शेतकऱ्याला रांधून घालते. त्याला कळतं, तो शंखच लपवतो, म्हणजे तिला परत जाता येत नाही. आमच्याकडे ही प्रेमकथा म्हणून सांगतात, मूर्ख. माझ्या फिल्ममध्ये ती कैदी, तो राक्षस. स्त्रीवादी थ्रिलर. दीड पान झालं. मग नदीवर मोठा मासा सापडल्याचं कळलं, तिकडे गेलो.

११ मार्च
मासा एवढा मोठा नव्हता. उरलेलं उद्या लिहीन. मावसबहीण सूयिंग लग्नाचे व्हिडिओ काढते. कॅमेरा तिचा, बाईही तीच होणार. तिला स्त्रीवाद तासभर समजावला. म्हणाली, झालं असेल तर ताटं विसळ. कठीण आहे या मुलीचं.

२० मार्च
माझा सीन. दारात उभं राहायचं, शंख मुठीत, तिच्याकडे बघायचं. सतरा टेक. प्रत्येक वेळी सूयिंगला हसू. म्हणे, चप्पल शोधायला आल्यासारखा दिसतोस.

२१ मार्च
मावशी सूर्यफुलाच्या बिया फोडत बघत होती. ग्वेइझेन मावशी, सूयिंगची आई. चाळीस वर्षं नाटकमंडळीत पुरुषांची कामं केली. इथल्या नाटकात पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात, जुनं खूळ. म्हणाली, जिहाओ, पुरुषाला घाई नसते रे, सरक जरा. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. शंख घेतला, दारात उभी राहिली, नुसतं बघितलं. सूयिंग मागे सरकली ती रांजणावरच आपटली. कॅमेरा चालू होता.
जुनाट, नाटकी अभिनय.

२२ मार्च
सूयिंग म्हणते, राक्षस आईच करील. साफ नकार दिला. कॅमेरा कुणाचा, असं तिने विचारलं. मग मीच परवानगी दिली. स्त्रीवादाला मन मोठं लागतं.
माझ्या शेवटात बाई त्याला सुरीने मारते. मावशी म्हणाली, मारायला कशाला थांबेल ती? शंख उचलेल, भात करपू देईल आणि जाईल. अडाणी विचार. तेच शूट केलं, कारण उजेड जात होता.

१६ एप्रिल
मावशीच्या नाटकमंडळीच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. बायका बिया फोडायच्या थांबल्या. शेवटी मागून एक आजी म्हणाली, अगदी आमचे हेच. तिला अभिनयातलं काय कळणार.

२ मे
एजंटला फिल्म पाठवली. दहा मिनिटांत उत्तर : राक्षस पाहिजे. कळवलं, राक्षस मूळचा माझाच, लिहिला मी. उद्या व्हिडिओ कॉल. बॅग भरली.

३ मे
एजंट म्हणाला, दारात उभे राहा. राहिलो. शंख मुठीत घेतला. अजिबात घाई केली नाही. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, फोन आजींना द्या.
दिला. मावशीला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिने तो परत माझ्याकडेच दिला. म्हणाली, नीट धर, हलवू नकोस.