पतंग बाहेर येईपर्यंत कुंपणालगतचे झुडूप न तोडण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक उद्याने विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : उद्यानाच्या मागील कुंपणालगतचे झुडूप त्यावरील कोशातून पतंग बाहेर येईपर्यंत न तोडणे, तसेच त्याखाली जमिनीवर आडवे होऊन छायाचित्र घेण्यास मला परवानगी देणे.

संदर्भ : १) माझ्या पतीच्या नावे असलेला छायाचित्रण परवाना (रद्द). २) तो रद्द केल्याची आपली नोटीस. ३) माझा पहिला अर्ज, ज्यावर "परवानाधारकाने समक्ष हजर राहावे" असा शेरा मारून तो परत आला.

महोदय,

१. परवानाधारक समक्ष हजर राहू शकत नाहीत. ते आपल्याच उद्यानात वारले. ही गोष्ट आपल्या कार्यालयास ठाऊक असावी, कारण पंचनाम्यावर आपल्याच दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या आहेत. सबब त्यांची पत्नी या नात्याने हा दुसरा अर्ज मी करीत आहे. मुलीने मला बजावले आहे, "आई, अर्जात रडगाणं नको. साहेब लोक विषयाच्या पुढे वाचत नाहीत." तरी आपण पुढे वाचावे.

२. माझे पती दातांच्या कवळ्या बनवीत. आठवडाभर लोकांच्या दातांत डोके घातले की सुट्टीच्या दिवशी ते कॅमेरा घेऊन किड्यांच्या मागे जात. गल्लीत त्यांना 'किडेवाले काका' म्हणत. मला स्वतःला किड्यांची शिसारी आहे, झुरळ दिसले तरी मी खुर्चीवर चढते. मुंगीचा चेहरा ताटाएवढा करून पाहिला की तिची किळस वाटत नाही, असा त्यांचा दावा होता. तो मला कधीच पटला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करते.

३. त्यांच्या कामाची पद्धत आपल्या चौकशी समितीला समजलेली दिसत नाही, म्हणून लिहिते. तांदळाएवढ्या जिवाचा फोटो इतक्या जवळून काढताना आपला श्वासही चित्र हलवतो. अंगावर सावली पडली की कीटक पान सोडून खाली पडतो. त्यामुळे ते पोटावर पालथे पडून तासन् तास हलत नसत. उद्यानात सर्वांना याची सवय झाली होती. माळी पाण्याचा फवारा दुसरीकडे वळवी. फिरायला येणारी मंडळी वळसा घालून जात. दारावरचा पहारेकरी तर ओठांवर बोट ठेवून मुलांना दटावी, "हळू! साहेबांची समाधी लागलीय." या सर्वांना माझ्या पतींनीच तसे शिकवले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

४. यंदा त्यांनी एकाच पतंगाचा जन्मापासूनचा प्रवास टिपायला घेतला होता. टाचणीच्या डोक्याएवढी अंडी, त्यातून निघून आपलेच टरफल खाणाऱ्या अळ्या, मग त्यांचे कात टाकणे. गांधीलमाश्या एकेक अळी उचलून नेत. जेवताना ते मला सांगत, "आज आणखी दोन गेल्या." घरातलेच कोणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा असे आणि मला हसू येई. शेवटी एकच अळी उरली. तिने पान गुंडाळून कोश विणायला सुरुवात केली, त्या दिवशी त्यांनी कॅमेरा तिवईवर चढवला, ठरावीक वेळाने आपोआप फोटो निघावेत अशी योजना केली आणि शेजारी पालथे पडले.

रुग्णालयाच्या म्हणण्यानुसार त्यांचे हृदय दुपारपूर्वीच बंद पडले. कॅमेरा बंद पडला नाही. दुपारभर त्याचा खट् खट् आवाज येत राहिला आणि जो तो समजला की काम चालू आहे. माळ्याने त्या बाजूचा फवारा सोडलाच नाही. खेळणारी मुले चेंडू घेऊन लांब गेली. मी त्या दिवशी मुलीकडे मुक्कामाला होते. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही, तेव्हा मीही तेच समजले. संध्याकाळी फाटक लावताना पहारेकऱ्याने दुरून पाहिले, आवाज ऐकला आणि साहेबांना बाहेर पडता यावे म्हणून लहान दार उघडे ठेवले. सकाळी झाडूवालीला ते दवाने भिजलेले सापडले. महोदय, दिवसभर त्यांच्याशी सगळे चांगलेच वागले. राग काढायला मला एकही माणूस सापडत नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो.

५. आता आपल्या नोटिशीबद्दल. उद्यान बंद झाल्यानंतरही छायाचित्रण चालू ठेवल्यामुळे परवाना रद्द करण्यात येत आहे, असे तीत म्हटले आहे. मी मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या खिडकीवर आले. तेथील कारकून म्हणाले, "दाखल्यावर दुपारची वेळ आहे, फोटोंवर रात्रीची. दोन्ही खरं कसं असेल? आधी दाखला दुरुस्त करून आणा." मी रुग्णालयात गेले. तेथे सांगण्यात आले, "आमचा दाखला बरोबर आहे. फोटो त्यांनी काढले नाहीत, असं उद्यानवाल्यांकडून लिहून आणा." मी पुन्हा आपल्याकडे आले. फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यातले असल्याने तसे लिहून देता येत नाही, असे उत्तर मिळाले. मेलेला माणूस नियम मोडू शकत नाही, एवढे एक वाक्य कागदावर लिहायला दोन्ही कार्यालयांत कोणी तयार नाही. म्हणून मीच लिहून देते : माझे पती दुपारनंतर हयात नव्हते, आणि त्या अवस्थेत त्यांनी आपल्या विभागाचा कोणताही नियम जाणूनबुजून मोडलेला नाही.

६. या घटनेनंतर आपण दोन उपाय योजले आहेत. उद्यानात "आडवे होण्यास सक्त मनाई" असा फलक लागला आहे, आणि ते झुडूप 'धोकादायक ठिकाण' ठरवून तोडण्याचा आदेश निघाला आहे. झुडपाने काहीही केलेले नाही. त्याच्या आतल्या फांदीला तो कोश अजून लटकतो आहे. अंड्यापासून कोश पूर्ण मिटेपर्यंतचे सगळे फोटो आहेत, त्यांतले शेवटचे तर कॅमेऱ्याने एकट्यानेच काढले आहेत. फक्त पतंग बाहेर येण्याचा फोटो राहिला आहे.

आपणापासून काही लपवायचे नाही. हे फोटो मी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवले. एका फोटोत अळीच्या मानेजवळ पांढरा ठिपका आहे. त्या म्हणाल्या, "हे परजीवी माशीचं अंडं असावं. तसं असेल तर माशीची अळी आतून सगळं खाऊन टाकते, पतंग कधीच बाहेर येत नाही." माझ्या पतींच्या नजरेतून तो ठिपका सुटला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी मला सांगितले नाही, एवढेच. मी तरीही परवानगी मागते आहे. पतंग आला तर पतंगाचा फोटो काढीन, माशी आली तर माशीचा. काहीच आले नाही तर रिकाम्या कोशाचा काढीन. पण मधेच कोणी कोयता घालून फांदी कचऱ्याच्या गाडीत टाकली तर हेही कळणार नाही, आणि ते मला सहन होणार नाही. मला ते शेवटपर्यंत बघायचे आहे. त्यांच्याबाबतीत मला काहीच बघायला मिळाले नाही.

कोश कधी फुटेल ते सांगता येत नाही. तेव्हा उत्तर टपालाने न पाठवता फोनवर कळवले तरी चालेल.

७. दरम्यान मी कॅमेरा शिकले आहे. कोपरे जमिनीला टेकवून श्वास धरता येतो. गुडघे कुरकुरतात, आणि गवतातून काही सरपटले की अजूनही ओरडावेसे वाटते, पण ओरडत नाही.

८. शेवटची विनंती पहारेकऱ्याबद्दल आहे. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून आपण त्याला घरी बसवले आहे. तो माझ्याकडे आला होता. दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, "बाई, मी एक हाक मारायला हवी होती." मी म्हटले, "मारली असती तर ते तुमच्यावर खेकसले असते." तो म्हणाला, "खेकसायलाच हवे होते हो." 

त्याला कामावर परत घ्यावे, आणि मी झुडपाखाली आडवी असेन ते सगळे दिवस त्याचीच नेमणूक तेथे करावी. मला दुसरा कोणी नको. त्याने थोड्या थोड्या वेळाने मला मोठ्याने हाक मारावी. फांदी हलली, फोटो बिघडला, ज्याची इतकी वाट पाहिली ते हातचे गेले, तरी चालेल. मी ओ देईन.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,

(सही)
परवानाधारकाची पत्नी

दिनांक : आपल्या आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) मृत्यूचा दाखला (दुरुस्त न केलेला)
२) अंड्यापासून मिटलेल्या कोशापर्यंतची छायाचित्रे
३) रद्द केलेला परवाना, मूळ प्रत