सातव्या पट्टीवर सूर मरतो त्याबाबत

मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो. माझी नाही, आणि त्याला आपण निवडून दिलेली इलेक्ट्रिक गिटार कारणीभूत आहे. वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. प्रथम, तिसऱ्या तारेवर, गिटारच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांपैकी सातव्या पट्टीत बोट ठेवून छेडले असता सूर जन्मतो आणि तत्क्षणी मान टाकतो (इतर पट्ट्यांवर तो निवांत रेंगाळतो). दुसरे, माझ्या रचनेचा शेवटचा, दीर्घ सूर नेमका तोच. तिसरे, कॉलेजच्या रंगीत तालमीत तो विझताच रसायनशास्त्राच्या बाईंनी विचारले, "सर, लाइट गेली का?" शनिवारच्या कार्यक्रमात पुन्हा असे झाले, तर समारोप त्यांच्या बासरीकडे जाणार आहे.

दोष माझ्या बोटात नाही. (आपल्या भगिनीचे मत वेगळे आहे, तिला पदार्थविज्ञानात पस्तीस गुण होते.) तारेबरोबर गिटारची मानही थरथरते, आणि ज्या सुराशी तिची थरथर जुळते त्याची सारी ताकद ती स्वतःच गिळते. असे नातलगही असतात. नावे घेत नाही. तोच सूर चौथ्या तारेवर बाराव्या पट्टीत मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण तिथे तो घसा बसल्यासारखा येतो, आणि बसलेल्या घशाने मी समारोप करत नसतो. मग गिटारच्या डोक्याला सुताराचा क्लॅम्प आवळला. सातव्या पट्टीत प्राण आला. मात्र मरण उठून सहाव्या पट्टीत बिऱ्हाड करून बसले, आणि सहावीवाचून माझी रचना एक पाऊल पुढे सरकत नाही. गिटार विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "सर, एवढं कोण ऐकतंय?" मी ऐकतो, असे सांगून पायऱ्या उतरलो.

तरी ही गिटार आपण कोणत्या कानाने पसंत केलीत, याचा खुलासा व्हावा.

आपला (अद्याप) भावोजी

ता. क. : केवळ शेवटच्या सुराला कोणी गिटारचे डोके मुठीत घट्ट धरले, तर सूर पुरता टिकतो. प्रयोग स्वयंपाकघरात यशस्वी झाला. परंतु आपली भगिनी म्हणते, "चार लोकांत मी तुमच्या गिटारची मुंडी धरून उभी राहणार नाही. दादाला बोलवा, त्याला कशाचीच लाज नाही."

ता. क. २ : शनिवारी काळा सदरा घालून यावे, माझ्या डाव्या बाजूस उभे राहावे, मी खूण करताच धरावे आणि बाईंनी टाळी वाजवल्याशिवाय सोडू नये. येणार की नाही, ते लेखी कळवावे. फोन करू नये. फोनवर आपल्याला हसू आवरत नाही.